मदत हवी आहे : शेगडीवर ग्रीक पद्धतीनं भाजलेली मासळी

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, शहापुरात राहते. पुतण्या बोटीवर नोकरीला आहे, सध्या सुट्टीवर आलाय. ग्रीसच्या पिरेयस बंदरात बोट लागली की तिथल्या खानावळीत कोळशावर भाजलेला आख्खा मासा खायचा, हे त्याचं ठरलेलं. परवा म्हणाला, "काकू, तसलं आपल्या घरी होईल काय ओ?" येत्या रविवारी रात्री सगळे जमणार आहोत, लहानमोठे धरून आठजण. त्याला ते मनासारखं करून घालायचं आहे, म्हणून इथं विचारते.

त्यानं सांगितलेल्या कृतीत हळद नाही, तिखट नाही, चिंच-कोकम नाही, रवाही नाही. माशाला मीठ आणि ऑलिव्ह तेल, भाजून झाल्यावर लिंबू आणि वाळका ओरेगॅनो, संपलं. आपल्याकडं वाटण लावून रव्यात घोळवलेला मासा तव्यावर थोडा कमीजास्त झाला तरी मसाला सांभाळून घेतो. इथं मासा ताजा हवा आणि विस्तव बरोबर हवा, तिसरं काही मदतीला नाही. मला नेमकं तेच आवडलंय. चांगल्या माशाची स्वतःची गोडी असते आणि आपण ती फार क्वचित चाखतो.

घरात लोखंडी शेगडी आहे, कोळसा आहे, वांगी भाजायची जाळी आहे. गच्चीवर करणार.

अडचण पहिली माशाचीच. तिकडं त्सिपुरा आणि लाव्राकी हे मासे वापरतात, ते इथं कुठले मिळायला! कॅम्पातल्या बाजारात गोवा, कारवार, मालवणकडची मासळी घाट चढून येते, त्यातलं काय घेऊ? सुरमईच्या तुकड्या चालतील का आख्खाच मासा हवा? दुसरं म्हणजे जाळीला कातडं चिकटलं की मासा उलटताना मोडतो, त्यावर काय करतात? आणि माणकी (काहीजण माकूळ म्हणतात, इंग्रजीत स्क्विड) भाजली की रबरासारखी का होते? लिंबू आधी लावून मुरवायचं का, हेही सांगा. ऑलिव्ह तेलाची बाटली महाग, ती सगळी शेगडीवर ओतायची माझी तयारी नाही.

सोबत निखाऱ्यात भाजलेली रताळी ठेवणार आहे. बेळगावात राहून रताळी नकोत असं कसं होईल.

प्रतिसाद

ताई, माझं माहेर कारवारचं, म्हणून माशाचं तेवढं सांगते. चोणक मिळाला तर डोळे झाकून घ्या. लाव्राकीसारखंच पांढरं, घट्ट मांस, काटेही कमी. मोठा चोणक आख्खा शेगडीवर मावायचा नाही, पाऊण किलोच्या आसपासचा बघा. तो नसेल तर तांबोसा. पापलेटही होतं, पण ते पातळ, लवकर कोरडं पडतं.

आणि बांगड्याला कमी लेखू नका. ग्रीक लोक तारल्या आणि बांगडे असेच भाजतात. अंगचं तेल असल्यामुळं बांगडा शेगडीवर सहसा कोरडा होत नाही. पहिल्यांदा करताय तर चोणकाबरोबर बांगडे घ्याच. सुरमईची तुकडी घ्यायची तर बोटाएवढी जाड घ्या, पातळ तुकडी उलटेपर्यंत सुकते.

घेताना कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. पोट बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये. घरी आणेपर्यंत बर्फातच ठेवा. बांगडा-सुरमई ऊबेत राहिली की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते भाजूनही जात नाही, अंगावर गांधी उठतात. सध्या मासेमारी चालू आहे म्हणून बरं, जून-जुलैच्या बंदीत असला बेत करूच नये.

प्रतिसाद

विस्तवाचं मी सांगतो. ज्वाळा पूर्ण बसू द्या. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की तळहात जाळीच्या वर वीतभर अंतरावर धरून बघा. चार-पाच आकडे मोजेपर्यंत धरवला तर आख्ख्या माशाला योग्य. दोनातच हात काढावा लागला तर ती आंच माणकीची. म्हणून शेगडीत एका बाजूला निखारे दाट रचा, दुसरीकडं विरळ.

चिकटण्याचं मूळ कारण पाणी. माशाला पंधरावीस मिनिटं आधी मीठ लावा, सुटलेलं पाणी कापडानं कोरडं टिपा, पोटातलंसुद्धा. जाळी रिकामी तापवा, घासून स्वच्छ करा, मग तेल माशाला लावा, आणि थोडंच, निखाऱ्यावर टपकलं की भडका उडतो. मासा ठेवल्यावर हात लावायचा नाही. कातडं भाजलं की ते आपोआप जाळी सोडतं. उलथनं घालून उचलत नसेल तर त्याला अजून मिनिटभर द्या. पाऊण किलोच्या माशाला एकेका बाजूला सात-आठ मिनिटं लागतात. पाठीकडच्या जाड भागात सुरी घालून बघायचं, मांस काट्यापासून सुटलं की उतरवा.

लिंबू आधी लावू नका. आंबटानं मांस भाजायच्या आधीच पांढरं पडतं आणि मग भुगा होतो. लिंबाच्या चकत्या पोटात भरल्या तर चालतील. तेलाचं म्हणाल तर भाजायला शेंगदाण्याचं वापरा, ऑलिव्ह वरच्या लाडोलेमोनोसाठी राखा. लाडोलेमोनो म्हणजे तेल आणि लिंबूरस एकत्र घुसळलेला. तिकडं साधारण तीन भाग तेलाला एक भाग रस घेतात, आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून मी चार भाग तेल घेतो. मीठ आणि चुरडलेला ओरेगॅनो घालून बाटलीत जोरात हलवायचं आणि गरम माशावर लगेच ओतायचं.

माणकी दोनच प्रकारांनी मऊ राहते : प्रखर विस्तवावर एका बाजूला मिनिट-दीड मिनिट, नाहीतर मंद आंचेवर पाऊण तास शिजवून. मधल्या वेळात ती रबर होते. आतली काचेसारखी पात ओढून काढा, कोरडी करा, आडव्या चिरा द्या. तिकडं ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात मासा वर्ज्य असतो, पण माणकी, ऑक्टोपस, कोळंबी चालते, कारण त्यांना रक्त नाही असं धरतात. त्यामुळं या बाबतीत त्यांचा हात बसलेला आहे.

प्रतिसाद

त्झात्झिकी विसरू नका! दही रात्रभर फडक्यात टांगा, काकडी किसून मीठ लावून घट्ट पिळा, त्यात ठेचलेला लसूण, थोडं ऑलिव्ह तेल आणि बारीक चिरलेला शेपू. होय, आपला बाजारातला शेपूच. काकडी नीट पिळली नाही तर पातळ कोशिंबीर होते. लाल माठ किंवा राजगिऱ्याची पानं नुसती उकडून वर तेल-लिंबू घातलं की तीही त्यांच्याच पद्धतीची भाजी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चोणक आणि बांगडे ठरले, माणकी शेवटच्या प्रखर विस्तवावर. मासेवाल्या मावशींना आजच सांगून ठेवते. एकच शंका राहिली. मामंजींना तिखटाशिवाय घास उतरत नाही, त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, त्यांना बिनतिखटाचं वाढायला मन होत नाही. त्याच शेगडीवर त्यांच्यापुरते दोन बांगडे मसाल्याचे भाजले तर चालतील ना?

प्रतिसाद

चालतील की. पण ते माणकीच्याही नंतर, सगळ्यात शेवटी जाळीवर घ्या. आधी घेतले तर जाळीला लागलेलं वाटण करपून चोणकाला त्याचा कडवटपणा लागेल. तोवर मामंजींना गरम रताळं आणि दही द्या.