फ्रँक राज्यातली वेठ: सौदा की जबरदस्ती?

नांगरधारी (धागाकर्ता):
सरंजामशाही म्हणजे निव्वळ गुलामगिरी, हे शाळेतलं समीकरण मला पटत नाही. नवव्या शतकातलं फ्रँक राज्य, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स-जर्मनीचा भाग, घ्या. पॅरिसजवळच्या सें-जर्मेन-दे-प्रे मठाची जमाबंदीची वही पाहा. मठाधिपती इर्मिनॉनच्या काळातली, 820 च्या दशकातली. त्यात बोदो नावाचं एक कूळ आहे; बायको एर्मेन्त्रूद, तीन मुलं. कसायला शेत, द्राक्षमळा, कुरण. मठाला द्यायच्या 3 कोंबड्या, 15 अंडी, डुकरं रानात चारण्याबद्दल वाइन, शिवाय मठाच्या शेतात नांगरट. राजा दूर, नद्यांतून नॉर्समन (उत्तरेकडचे व्हायकिंग लुटारू) आत घुसणार. अशा काळात धन्याच्या आसऱ्यानं राहणं वाईट नव्हतं.

कोरडवाहू:
अंडीसुद्धा मोजलीत आणि वेठ 'शिवाय'मध्ये उरकलीत! बव्हेरियाच्या कायद्यात चर्चच्या दासांनी आठवड्याचे 3 दिवस धन्याच्या रानात राबायचं होतं. वाफसा आलाय आणि आपलं शेत सोडून दुसऱ्याचं नांगरायचं, हे काय असतं ते शेतकऱ्याला विचारा.

बरं, सौदा म्हणता, तर तो बदलता यायला हवा. 828 मध्ये आंत्वान्ये गावची कुळं अ‍ॅक्विटेनचा राजा पेपँ याच्याकडे गेली: कोर्मेरीचा मठ आमच्या बापजाद्यांपेक्षा जास्त मागतो. मठानं फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळातली जुनी यादी पुढे केली. कुळं हरली. 861 मध्ये मित्री गावची कुळं सें-देनी मठाविरुद्ध उभी राहिली, आम्ही दास नाही म्हणून. तीही हरली. वही धन्याची, लिहिणारा धन्याचा.

नांगरधारी:
पण राजापर्यंत पोहोचली ना? गुलामाला हे जमलं असतं? आणि रूढीनं धन्यालाही बांधलं होतं. 864 मध्ये पीत्र गावी निघालेल्या शाही फर्मानात उल्लेख आहे: कुळं शेतात टाकायची खडूमाती वाहायला नकार देत होती, कारण हे काम पूर्वापार नव्हतं.

कोरडवाहू:
आणि फर्मानानं काय सांगितलं? मुकाट्यानं वाहा! पुढचं वाक्य का गाळता, राव?

संरक्षणाचंही तेच. 859 मध्ये सेन आणि ल्वार नद्यांमधल्या सामान्य माणसांनी एकजूट करून नॉर्समनविरुद्ध शस्त्रं उचलली. त्यांना मारलं कोणी? फ्रँक सरदारांनी. आपसात शपथा घेऊन एकजूट केली म्हणून.

तिसरी_घंटा:
दोघंही मठांच्या वह्यांत अडकलात. अशा मोठ्या जहागिऱ्या मुख्यतः सेन आणि ऱ्हाइनच्या पट्ट्यात. इतरत्र स्वतःची जमीन कसणारे मुक्त शेतकरी भरपूर होते. ते कसे बुडाले हे बघा. 811 च्या एका राजपत्रात लोकांची तक्रार नोंदवलीय: जो आपली जमीन बिशप, मठाधिपती किंवा काउंटला (राजाच्या प्रांताधिकाऱ्याला) देत नाही, त्याला काहीतरी खुसपट काढून पुन्हा पुन्हा लष्करात धाडतात, कंगाल होऊन तो जमीन देईपर्यंत. देणाऱ्यांना मात्र घरी बसू देतात. तक्रार खुद्द शार्लमेनच्या दरबारातली, कुण्या बंडखोराची नाही. नांगरधारी, याला आसरा म्हणणार?

नांगरधारी:
याला लूट म्हणेन. पण बोदोचं कूळपण लुटीतून आलं याचा पुरावा तुमच्या राजपत्रात नाही. घर, बायकामुलं, नांगर, वहिवाट एवढं हाती असलेल्या माणसाला मी गुलाम म्हणणार नाही.

कोरडवाहू:
नका म्हणू. मठ सोडून जायची मुभा त्याला होती का, तेवढं सांगा.