मदत हवी आहे: मुंबईजवळ समुद्रात पडलेलं विमान कोणतं? अर्जंट!

यावलकर_नातू
मंडळी, फार घाई आहे. मुंबईजवळ समुद्रात विमान पडलं होतं, त्याची तारीख आणि मृतांचा आकडा हवा. आमच्या आप्पांवर स्मरणिका काढतोय. भुसावळच्या प्रेसवाल्याचे सकाळपासून तीन फोन झाले, पान ११ अडलंय. गुगल कर म्हणून सांगू नका, दर ठिकाणी वेगळा आकडा येतो.

फैजपूरची_सून
दादा, कोणतं विमान? साल? दिवसा की रात्री? मुंबईच्या आसपास एक का दोन पडलीत!

यावलकर_नातू
साल माहीत असतं तर विचारलं असतं का ताई? आप्पा तेव्हा तिथे होते. रविवार होता असं नेहमी सांगायचे. एवढ्यावरून कळायला पाहिजे.

जेट_जळगाव
रविवार म्हणजे विषयच संपला. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं जंबो ‘सम्राट अशोक’. सांताक्रूझहून दुबईला निघालं, दोन मिनिटंही झाली नाहीत तोच वांद्र्यासमोर समुद्रात. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र अडकलं होतं. उजवीकडचं वळण संपवून विमान सरळ झालं, तरी यंत्र उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. खाली काळाकुट्ट समुद्र, क्षितिज दिसायची सोय नाही. कॅप्टन सरळ करायला म्हणून डावीकडे वळवत गेला आणि विमान पार आडवं होऊन खाली गेलं. छापा बिनधास्त.

यावलकर_नातू
धन्यवाद भाऊ! आप्पाही शेवटी शेवटी ‘सम्राट अशोक’ म्हणायचे. देतो छापायला.

निवृत्त_नौसैनिक_धुळे
थांबा. लष्करी विमान असेल तर? १ ऑक्टोबर २००२, गोवा, दाबोळी. नौदलाच्या स्क्वाड्रनला २५ वर्षं झाली म्हणून संचलन होतं. दोन आयएल-३८ विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १२ जण गेले. एकमेकांच्या अगदी जवळून उडणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. यावर लोक बोलत नाहीत.

जेट_जळगाव
काका, त्यांनी मुंबई विचारलंय.

निवृत्त_नौसैनिक_धुळे
समुद्र तोच आहे.

केळीवाला_रावेर
समुद्राचं कशाला, आपल्याकडचं सांगा ना भो. १६ जुलै २०२१, चोपडा तालुका, वर्डी शिवार. शिकाऊ विमान सातपुड्यात पडलं. शिकवणारे गेले, शिकणारी पोरगी वाचली. तिथे गाडी जाईल असा रस्ता नाही. पाड्यावरच्या एका बाईनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी केली आणि चिखलातून पोरीला खाली आणलं. तुमच्या स्मरणिकेत हे टाका, लोक वाचतील.

फैजपूरची_सून
हे खरंच मोठं काम, पण आप्पांच्या पानावर कसं टाकणार? नातू, मला सांगा, आप्पा मुंबईत काय करत होते? आणि गावी कधी परत आले?

यावलकर_नातू
वर्सोव्याला बर्फाच्या कारखान्यात. ७० साली आमच्या पणजोबांना लकवा झाला तेव्हा आले, मग केळीच केली. का?

फैजपूरची_सून
का म्हणजे? ७० ला आलेला माणूस ७८ चं विमान बघेल कसा?

यावलकर_नातू
अरे देवा.

जेट_जळगाव
कामानिमित्त पुन्हा गेले असतील. रविवार तर जुळतो ना.

सातपुडा_७१
रविवारचं कौतुक पुरे. २४ सप्टेंबर १९७२ पण रविवारच. जपानी विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. त्यात कोणी दगावलं नाही. आता तेही आप्पांचंच म्हणा!
नातू, पाऊस होता का?

यावलकर_नातू
पाऊस होता. कार्डात लिहिलंय ना तसं.

सातपुडा_७१
कोणतं कार्ड??

यावलकर_नातू
आजीला पाठवलेलं पोस्टकार्ड. पत्र्याच्या पेटीत आहे. शिक्का पार पुसलाय, वर साल लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं नाही. मजकूर देतो:
‘पाऊस थांबत नाही. होड्या सगळ्या वर ओढलेल्या. रविवारी पहाटे इमान दर्यात पडले. आत शाळेची पोरे होती म्हणतात. मी ठीक आहे. पैसे पुढल्या आठवड्यात.’

फैजपूरची_सून
दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकायचं! माझं माहेर वसईचं. होड्या वर ओढलेल्या म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस. जानेवारीत कोळी घरी बसत नाहीत.

सातपुडा_७१
आणि कार्डावरच्या छापील तिकिटावर काय आहे, ‘पैसे’ की ‘नये पैसे’? चष्मा लावून बघा. जून १९६४ पासून ‘नये’ गेलं.

यावलकर_नातू
पाच मिनिटं. आजी पेटीची किल्ली देत नाहीये.

केळीवाला_रावेर
तोवर कोणी केळीचा आजचा बोर्डाचा भाव सांगा.

यावलकर_नातू
‘नये पैसे’ आहे. स्पष्ट आहे.

सातपुडा_७१
मग २८ जुलै १९६३. युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट, बँकॉकहून मुंबईत उतरत होतं. मध्यरात्र उलटून गेलेली, मुसळधार पाऊस, वारा. वळण घेताना ताबा सुटला आणि मढच्या पुढे समुद्रात गेलं. ६३ जण, सगळे गेले. ‘शाळेची पोरे’ म्हणजे फिलिपिन्सचे बालवीर, ग्रीसला जागतिक मेळाव्याला निघाले होते. त्यांच्या पथकातले २४ जण होते. मनिलाजवळ क्वेझॉन सिटीत रस्त्यांना त्यांची नावं आहेत. वर्सोवा आणि मढ यांच्यात एक खाडी आहे फक्त. वार काढून बघा, रविवारच येतो.

जेट_जळगाव
वार बरोबर आहे. पण मग ते ‘सम्राट अशोक’ का म्हणायचे?

फैजपूरची_सून
७८ ला रेडिओवर, पेपरात आठवडाभर तेच नाव. कॉमेटचं नाव त्यांना कोण सांगणार होतं?

जेट_जळगाव
तरी १९६२ चं इटलीचं डीसी-८ विमान तपासा. ७ जुलै, पावसाळाच.

सातपुडा_७१
ते जुन्नरच्या डोंगरात पडलं, ९४ गेले. तिथे होड्या वर ओढत नाहीत. शिवाय वार शनिवार.

निवृत्त_नौसैनिक_धुळे
मढचा पट्टा पावसाळ्यात फार वाईट. मी म्हणालो होतो समुद्र तोच.

यावलकर_नातू
एक दुरुस्ती करावी लागली. आप्पांनी ‘पाहिलं’ असं नाही, कार्डात ‘म्हणतात’ आहे. आजीला विचारलं तर म्हणाली, पाहिलं नव्हतं त्यांनी. तो आठवडाभर बर्फ न्यायला नेहमीच्या गाड्या आल्याच नाहीत, दुसरीच माणसं येऊन लाद्या नेत होती, आणि कशाला नेतात ते विचारायची यांची हिंमत झाली नाही. हे तिनं मला आज पहिल्यांदा सांगितलं.
प्रेसवाला म्हणतो पान लागलंय, बदलायचे वेगळे पैसे. देतो म्हटलं. कार्डाचा फोटोही टाकतोय.

फैजपूरची_सून
स्मरणिकेची एक प्रत मला ठेवा. येते यावलला घ्यायला.

विमानप्रेमी_नंदुरबार
धागा वाचला नाही, पण उत्तर सोपं आहे. १ जानेवारी १९७८, सम्राट अशोक, २१३.