मदत हवी आहे : परकर खाली सरकतो, घट्ट बांधला की काचतो

रानजाई :
लवकर सांगा प्लीज. परवा घरचं लग्न आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत साडीतच वावरायचंय. नाडी जरा सैल ठेवली की थोड्या वेळात सगळी साडी खाली उतरते आणि निऱ्या पायात येतात. घट्ट बांधली तर संध्याकाळी कमरेवर लालभडक वळ, वर खाज. बाकीच्या जणी दिवसदिवस कशा राहतात? शेपवेअर (परकराऐवजी घालतात तो ताणणारा घट्ट स्कर्ट) सुचवू नका, वापरून झालंय.

टाकाधागा :
साडी कोणती? परकर कोणत्या कापडाचा? नाडी गोल की चपटी? आणि बांधता कुठे, कमरेवर की खाली? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

पाटलीणबाई :
माझं ऐका, शेपवेअरच घ्या. मापाचं मिळालं नसेल. चापून बसतं, घेर नाही, साडी सडपातळ दिसते. मी परकर कधीच सोडले.

रानजाई :
नको म्हणून वरच लिहिलंय. परकर नेहमीचाच आहे, नेहमीसारखाच बांधते.

उंबरठा :
पाटलीणबाई, हलक्या साडीला ठीक. जड साडीच्या निऱ्या खोचल्या की नुसतं इलॅस्टिक ताणलं जातं आणि पुढचा भाग लोंबतो. उन्हाळ्यात घामाने जीव जातो. बाथरूमला जायचं तर ते घट्ट प्रकरण मांड्यांवरून वर चढवत बसायचं, साडी सांभाळत. दिवसभराच्या कार्यक्रमात ते नको होतं.

पाटलीणबाई :
आत नाडी असलेलंही मिळतं. न वापरता मत देऊ नये.

काठपदर :
साडीला फॉल लावण्याआधी तो भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि काठाला चुण्या पडतात. पिको नंतर केला तरी चालतो.

उंबरठा :
काठपदर, प्रश्न परकराचा आहे.

सुनंदामावशी :
अगं बाळा, परकराची कटकटच नको. नऊवारी नेस. आमच्या आईने जन्मभर लुगडं नेसलं, परकर ठाऊकच नव्हता. चाला, धावा, मांडी घालून बसा, काही सुटत नाही.

स्टेथो :
मावशी, लुगडंही करकचून नेसलं तर काचतंच. रानजाई, वळ आणि खाज दुर्लक्षित करू नका. एकाच जागी वर्षानुवर्षं नाडी घासत राहिली की तिथली कातडी काळी पडते, जाड होते, सोलते. क्वचित तिथे न भरणारी जखम होते आणि त्यात कर्करोग होऊ शकतो. 2024 मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण नोंदवले. त्यातल्या एक बाई परकराशिवाय लुगडंच घट्ट नेसायच्या. धोतरामुळे पुरुषांना होणाऱ्या अशाच कर्करोगाबद्दल मुंबईतून 1945 मध्ये लिहिलं गेलं होतं. न भरणारी जखम दिसली तर मलम चोपडत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाटलीणबाई :
परवा तिच्या घरात लग्न आहे, आणि तुम्ही कर्करोग काढलात!

स्टेथो :
एका दिवसाने काही होत नाही, तसं म्हटलेलंही नाही. रोज नेसणाऱ्या बायकाही हा धागा वाचतील, त्यांच्यासाठी लिहिलं.

रानजाई :
मला रोज नेसायची नाही. टाकाधागा, घ्या उत्तरं : साडी रेशमी, भरजरी काठाची. परकर साटीनचा. नाडी गोल दोरीसारखी. बांधते बेंबीखाली चार बोटं, कारण वर बांधलं की पोट पुढे दिसतं. सिझेरियनचे आडवे टाके आहेत, नाडी त्यांच्या जवळच येते. आता सांगा.

टाकाधागा :
टाक्यांचं सांगितलंत ते बरं झालं, सगळा हिशोब बदलला. परकर गाठीच्या जोरावर राहत नाही, कमरेच्या दोन बाजूंच्या हाडांवर टेकून राहतो. तुम्ही हाडांच्या खाली, उतारावर बांधता. तिथे टेकायला काही नाही, म्हणून आवळावं लागतं, आणि आवळलेली दोरी टाक्यांजवळ रुतते. हाडांच्या वर, बेंबीच्या जरा खाली बांधा. तिथे सैल नाडीही टिकते.

दुसरं, साटीनवर रेशीम घसरतं. साटीन शिफॉन-जॉर्जेटखाली घाला. या साडीला सुती पॉपलिनचा, सहा कळ्यांचा परकर हवा. कळ्यांमुळे कमरेशी चुण्या कमी येतात, तेव्हा पोट दिसण्याची चिंताही कमी होते. ज्या चुण्या येतील त्या मागे सारा.

तिसरं, ती दोरी काढून टाका. अंगठ्याएवढी रुंद सुती पट्टी सेफ्टी पिनला अडकवून नेफ्यात ओवा आणि मागे मधोमध दोन टाके घाला, म्हणजे धुताना निघून येत नाही. गाठ बाजूला घ्या, पोटावर नको. बांधताना पोट आत ओढू नका. श्वास सोडून बांधा, खुर्चीत बसून बघा, दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत.

उंबरठा :
अनुमोदन. गाठ सुरगाठच मारा, निरगाठ बसली तर ऐन वेळी सुटत नाही. आणि परकराची लांबी बघितली का? जमिनीला टेकत असेल तर उठताना पायाखाली येतो आणि एका हिसक्यात सगळं खाली. घालायची ती चप्पल घालून माप घ्या, घोट्याशी संपला पाहिजे.

काठपदर :
निऱ्यांना परकरासकट मोठी पिन लावा, हलणार नाहीत.

टाकाधागा :
रेशमाला नुसती पिन नको, भोक पडून चिरत जातं. आतून, मागे कापडाचा तुकडा ठेवून लावा.

रानजाई :
पॉपलिनचा सापडला, दुसऱ्या साडीचा आहे, रंग थोडा गडद. पट्टी ओवून वर बांधून तासभर घरात फिरले, जिने चढले. सरकला नाही, टाक्यांनाही काही लागत नाहीये. फक्त लांब आहे, पायाच्या बोटांपर्यंत येतो. कापू का?

टाकाधागा :
कापू नका. खालून आत दुमडून हाताने धावदोरा घाला, लग्न झालं की उसवा. रंग गडद असेल तर उजेडात साडी धरून बघा, आतलं दिसत नसेल तर चालेल.