खर्जाचं कौतुक पुरे: निवेदकाची कारकीर्द आवाजावर उभी की कागदावर?

तिसवाडीकर
ज्येष्ठ निवेदक गेला की श्रद्धांजलीचे शब्द ठरलेले: धीरगंभीर, भारदस्त, खर्जातला आवाज. २०२२ साली प्रदीप भिडे गेले तेव्हा तेच, २०२४ साली अमीन सयानी गेले तेव्हाही तेच. आवाजावर फार तर ऑडिशन निघते. पुढची तीस वर्षं निघतात ती कागदावर.

दहा मिनिटांचं बातमीपत्र घ्या. मिनिटाला ११० शब्दांच्या गतीने ठळक बातम्या आणि विराम धरून जेमतेम हजार शब्द बसतात. जुना वाचक स्टुडिओत जाण्याआधी सगळा मजकूर एकदा मोठ्याने वाचतो. मनात वाचून जीभ कुठे अडखळणार ते कळत नाही. श्वासाच्या जागी एक तिरकी रेघ, वाक्य संपलं की दोन. १,५०,००० च्या डोक्यावर ‘दीड लाख’ लिहून ठेवायचं. कागद एकाच बाजूने लिहिलेला, टाचणी काढलेली, आणि एकही वाक्य दोन पानांत तुटलेलं नाही. पान उलटायचं नसतं, बाजूला सरकवायचं असतं. उलटलं तर माइकवर पत्रा वाजल्यासारखं ऐकू येतं.

गोव्यात तर कागद आणखीच घात करतो. मजकूर इंग्रजीतून आला की गावांची नावं पोर्तुगीज वळणाच्या रोमी (रोमन लिपीतल्या) स्पेलिंगात येतात. शेवटचा ‘एम’ हा म नव्हे, नुसता अनुनासिक. ‘एक्स’ म्हणजे श. ल आणि ळ यांना एकच अक्षर, ड कधी ‘डी’ तर कधी ‘आर’. हे ठाऊक नसलं की डिचोलीचं बिचोलिम होतं, केप्याचं क्वेपेम, कुडचड्याचं कर्चोरेम आणि शेल्ड्याचं झेल्डेम. आवाज कितीही गोड असो, कुडचड्याचा माणूस तिथेच रेडिओ बंद करतो.

फोंडेकर
साफ असहमत. कागद सगळ्यांना सारखाच मिळतो. सुधा नरवणे पुण्याहून प्रादेशिक बातम्या द्यायच्या, त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत घराघरांत ओळख पटायची. ती काय तिरक्या रेघांमुळे? श्वासाच्या खुणा महिनाभरात कुणालाही शिकवता येतात, आवाज शिकवता येत नाही.

मांडवीकाठ
दोघंही मधला ट्रान्समीटर विसरताय.

मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) आवाजातला साधारण पाच किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग पोचतच नाही. स, श, फ यांची धार नेमकी तिथेच असते. म्हणून त्या काळी ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत घोटाळा व्हायचा, आणि जाणता वाचक आकड्याआधी किंचित थांबून पहिलं व्यंजन ठोसून बोलायचा. छोट्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरला खालचे सूरही पेलत नाहीत. म्हणजे ज्या खर्जाचे गोडवे गायचे तो घरातल्या रेडिओत गढूळच व्हायचा. स्वच्छ पोचायचा तो मधल्या पट्टीतला आवाज, बायकांचा तर अधिकच.

दुसरं म्हणजे, खर्ज पुष्कळदा माइकचा असतो. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकला तोंड चार बोटांवर नेलं की खालचे सूर आपोआप फुगतात. वीतभर अंतर ठेवा, माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला तिरका ठेवा, म्हणजे प, फ, भ यांचा फटका बसत नाही. यात गोची एकच: वाक्याच्या शेवटी मान कागदाकडे झुकली की अंतर बदलतं आणि शेवटचं क्रियापद गिळलं जातं. मराठीत ‘झाला’ की ‘झाला नाही’ हे तिथेच ठरतं!

एफएमवर पंधरा किलोहर्ट्‌झपर्यंत सगळं जातं. आता श्वास, ओठांची चपचप, खुर्चीची करकर, सगळं श्रोत्याच्या कानात. वाचण्याआधी ताक किंवा दूध नको, कोमट पाणी घ्यावं, ते यासाठीच.

फोंडेकर
मांडवीकाठ बाब, खर्जाचं पटलं. पण मग ‘कुठला आवाज पोचतो’ हाच मुद्दा झाला ना? म्हणजे आवाजच.

काणकोणची
अमीन सयानींचं उदाहरण इथे बसत नाही. १९५२ पासूनची बिनाका गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची आणि फिती रेडिओ सिलोनला जायच्या. चूक झाली तर पुन्हा घेता येत होतं. थेट बातमीपत्रात ती सोय नाही. चुकलं तर ‘क्षमा करा’ एकदाच, बरोबर शब्द, आणि पुढे. दुसऱ्यांदा माफी मागितली की श्रोत्याला बातमीऐवजी चूक आठवते.

दूरदर्शनचा विषय तर वेगळाच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. प्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवणारं यंत्र) नव्हता तेव्हा कागदावरून वाचायचे: वाक्यातले शेवटचे चार-पाच शब्द डोळ्यांत धरायचे, मान वर करून ते कॅमेऱ्याला सांगायचे, आणि डाव्या हाताचं बोट पुढच्या ओळीवर. प्रॉम्प्टर आल्यावर नवशिके मजकुरामागे धावू लागले. खरं तर चालवणाऱ्याने वाचणाऱ्याच्या मागे यायचं असतं. वाचकाने गती वाढवली की तोही वाढवतो, आणि हवामानापर्यंत पोचेतो दोघंही धापा टाकतात. मशीन अडकलं तर हातातला कागदच वाचवतो. तो कागद मजकुराबरोबर पानापानाने सरकवत नेला नसेल तर तो निव्वळ शोभेचा.

तिसवाडीकर
म्हणजे शेवटी कागदच!

साळ नदी
गोव्यात बसून बोलताय आणि लिबिया लोबो सरदेसाईंचं नाव नाही? २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्तीपर्यंत त्यांनी आणि वामन सरदेसाईंनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवलं, पोर्तुगीज आणि कोंकणीत. मुक्तीची बातमी तर विमानातून ध्वनिक्षेपकावर दिली. २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुणी खर्ज मोजला नाही. लोक ऐकत होते कारण पणजीचं सरकारी केंद्र जे सांगत नव्हतं ते इथे मिळायचं. विश्वास हा मुद्दा घ्या, बाकी सगळं नंतर.

फोंडेकर
ती लढाई होती, नोकरी नव्हे. रोज सकाळी सहाला ‘सुप्रभात’ म्हणणाऱ्याशी तुलना नको.

काणकोणची
नोकरी तरी कुठे उरलीय? आकाशवाणीच्या नैमित्तिक (पगारी नोकरीत नसलेल्या) उद्घोषकाला महिन्याला फार तर सहा ड्यूट्या. दोन ड्यूट्यांत पाच दिवसांची फट. क्यू शीट (कार्यक्रमाचा क्रम लिहिलेला कागद) वाचणं, फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) हळू खाली आणणं, गाणं अडकलं तर तीन सेकंदांत फिलर (मोकळी वेळ भरणारा तुकडा) लावणं, ही हाताची सवय आहे, रोजच्या रियाझाशिवाय बसत नाही. ‘पूर्वीसारखे निवेदक घडत नाहीत’ म्हणून रडण्याआधी हा हिशेब बघा.

म्हापशेकर
गावांच्या नावांवर एक शंका. मराठी बातमीपत्रात डिचोली म्हणायचं की तिथले लोक म्हणतात तसं दिवचल? तिसवाडीकरांनी सोयीने डिचोली धरलं.

तिसवाडीकर
मराठी बातमीपत्रात मराठीत रुळलेलं रूप: डिचोली, म्हापसा, पेडणे. कोंकणी बातमीपत्रात दिवचल, म्हापशें, पेडणें. एकाच बातमीपत्रात मिसळ मात्र नको. आणि कांदोळीला ‘कांडोलिम’ दोन्हीकडे चूकच.

मांडवीकाठ
कागदवाल्यांसाठी एक राहिलं. बातमीपत्र उलटं मोजतात. शेवटच्या ठळक बातम्यांना चाळीस सेकंद लागत असतील तर नऊ मिनिटं वीस सेकंदांवर तिथे पोचायलाच हवं. म्हणून त्यांच्या आधी हवामान ठेवायचं. वेळ कमी पडली तर फक्त पणजीचं तापमान, उरली तर मुरगावचंही, आणि समुद्र खवळलेला असेल तर मच्छीमारांसाठीचा इशारा. तो मात्र वेळ कमी असली तरी गाळत नाहीत.