शब्दचर्चा : ‘वितळणे’ आणि ‘विरघळणे’

प्रश्न

पाककृतींच्या लेखनात ‘साखर पाण्यात वितळवून घ्यावी’ असे वाक्य मला अलीकडे वारंवार आढळते. माझ्या आजीच्या बोलण्यात मात्र साखर आणि मीठ नेहमी ‘विरघळत’ असे, तर मेण आणि लोणी ‘वितळत’ असे. हे दोन शब्द समानार्थी मानावेत, की त्यांच्यात नेमका काही फरक आहे? शालेय विज्ञानाची परिभाषा या बाबतीत काय सांगते, हेही कोणी स्पष्ट केल्यास बरे होईल.

प्रतिसाद

आपल्या आजींची भाषा अचूक होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या दोन क्रियापदांनी दोन वेगळ्या घटना दाखवल्या जातात आणि तो भेद जपण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते.

वितळण्यासाठी एकच पदार्थ पुरेसा असतो. त्याला उष्णता मिळाली की त्याच्या कणांची जागच्या जागी असलेली घट्ट बांधणी सैल होते आणि स्थायूचा द्रव होतो. दुसरे कोणी त्यात मिसळावे लागत नाही. शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानालाच वितळतो आणि त्यालाच पुस्तकात ‘द्रवणांक’ म्हटलेले असते. बर्फाचा द्रवणांक ० अंश सेल्सिअस, चांदीचा सुमारे ९६२ अंश आणि सोन्याचा सुमारे १०६४ अंश आहे. विरघळण्यासाठी मात्र दोघे लागतात : विरघळणारे ‘द्राव्य’ आणि त्याला सामावून घेणारा ‘द्रावक’. मिठाचा खडा पाण्यात टाकला की पाण्याचे रेणू त्यातील सोडिअम आणि क्लोराइड आयनांना (विद्युतभारित कणांना) वेढून एकेक करून सोडवून नेतात. साखरेचे रेणू न तुटता, सगळेच्या सगळे, पाण्यात विखुरतात. येथे आच लागतेच असे नाही. सरबतातली साखर गार पाण्यातही विरघळते, फक्त अधिक वेळ ढवळावे लागते.

आकडे पाहिले की हा भेद डोळ्यांत भरतो. मिठाचा द्रवणांक सुमारे ८०१ अंश आहे. घरातल्या चुलीवर किंवा गॅसवर इतके तापमान मिठाला मिळत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात मीठ कधीच वितळत नाही, ते फक्त विरघळते. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते आणि त्यापुढे टाकलेले मीठ तळाशी बसते, कारण द्रावण ‘संपृक्त’ झालेले असते. साखर २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम विरघळते. तीच साखर कोरड्या कढईत तापवली तर सुमारे १८६ अंशांच्या आसपास वितळू लागते खरी, पण वितळता वितळताच तिचे रेणू तुटू लागतात, रंग तांबूस होतो आणि वास बदलतो. कॅरॅमल म्हणतात ते हेच. विरघळलेली साखर पाणी आटवून परत मिळवता येते, परंतु कॅरॅमलची साखर पुन्हा करता येत नाही. म्हणून ‘साखर वितळवा’ आणि ‘साखर विरघळवा’ या दोन सूचना शब्दशः पाळणाऱ्या माणसाच्या हाती दोन वेगळे पदार्थ येतील.

परिभाषेबद्दल आपण विचारले आहे. गंमत अशी, की येथे घरगुती मराठी शास्त्रीय मराठीपेक्षा अधिक स्पष्ट आहे. ‘द्रवणांक’ हा शब्द वितळण्याचा आणि ‘द्रावण’, ‘द्रावक’, ‘द्राव्य’ हे शब्द विरघळण्याचे, पण सगळे एकाच ‘द्रु’ धातूपासून आलेले, त्यामुळे विद्यार्थ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. हिंदीत वितळण्यासाठी ‘गलनांक’ आणि विरघळण्यासाठी ‘विलयन’, ‘विलायक’ अशी निराळ्या मुळांची नावे आहेत. आपल्याकडे भेद सांभाळला आहे तो ‘वितळणे–विरघळणे’ या जोडीने, म्हणून शिक्षकांनी ‘द्रवण’ शिकवताना ही जोडी हाताशी ठेवावी.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. आमच्या घरी जुना दागिना सोनाराकडे ‘आटवायला’ देत असत आणि बासुंदीसाठी दूधही ‘आटवत’ असत. दूध आटते तेव्हा त्यातील पाणी वाफ होऊन जाते आणि मागे राहते ते दाट होते. सोने आटवतात तेव्हा मात्र काहीच उडून जात नाही. मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, त्याचा केवळ रस होतो. म्हणजे एकाच क्रियापदात बाष्पीभवनही आले आणि वितळणेही आले. मग घरगुती मराठी नेहमीच अधिक स्पष्ट आहे, असे कसे म्हणता येईल?

याच अंगाने ‘थिजणे’ आणि ‘गोठणे’ हेही पाहावेत. तूप आणि खोबरेल थिजते, पाणी गोठते. दोन्ही ठिकाणी द्रवाचा स्थायू होतो, क्रिया एकच, तरीही शब्द दोन.

प्रतिसाद

आपला आक्षेप रास्त आहे, आणि ‘नेहमीच’ असा दावा मला करता येणार नाही. बोली भाषा क्रियेप्रमाणे जशी शब्द वाटते तशी वस्तूप्रमाणेही वाटते. खोबरेल सुमारे २४–२५ अंशांना थिजते, म्हणून थंडीच्या सकाळी बाटलीतून ते निघत नाही. तूप तर अनेक स्निग्ध घटकांचे मिश्रण असल्यामुळे एका नेमक्या अंशाला न थिजता हळूहळू रवाळ, मग घट्ट होत जाते. ‘थिजणे’ या शब्दात ही मऊ, संथ घट्टता आहे आणि ‘गोठणे’ यात बर्फाचा कडकपणा आहे. शास्त्राला तो भेद लागत नाही, पण बोलणाऱ्याला लागतो. ‘आटवणे’ हा शब्द संदर्भाशिवाय वापरू नये, हे मला मान्य आहे.

सोनाराच्या मुशीचा विषय निघालाच आहे तर एक सुंदर उदाहरण सांगतो. सोने आटवताना सोनार मुशीत टाकणखार (बोरॅक्स) टाकतो. तो टाकणखार तापून स्वतः वितळतो आणि सोन्यात मिसळलेल्या तांब्यासारख्या धातूंवर चढलेली ऑक्साइडे त्या वितळलेल्या टाकणखारात विरघळतात. वितळणे आणि विरघळणे येथे एकाच मुशीत, एकापाठोपाठ घडते, आणि दोन शब्द नसते तर हे वाक्य लिहिताच आले नसते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मग चिक्कीच्या गुळाचे काय? आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेव्हा ‘मीठ वितळले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

प्रतिसाद

मिठाला ‘पाणी सुटते’ ही बोली प्रत्यक्षात उलट दिशेने खरी आहे, कारण ते पाणी मिठातून निघत नाही, ते हवेतून मिठावर येते. मिठात अल्प प्रमाणात असलेले मॅग्नेशिअम क्लोराइड दमट हवेतील बाष्प ओढून घेते आणि त्या ओलाव्यात मीठ विरघळते. ‘वितळले’ हा शब्द तेथे चूक आहे. ‘पाणी सुटले’ मात्र दिसते ते सांगणारा जुना वाक्प्रचार म्हणून राहू द्यावा.

गुळाचे उत्तर थोडे अवघड आहे. गुळात मुळातच थोडे पाणी असते, त्यामुळे नुसत्या तुपावर गूळ पातळ होतो तेव्हा तो काही अंशी स्वतःच्याच पाण्यात विरघळतो आणि काही अंशी उष्णतेने वितळतो. चिक्कीसाठी ‘गूळ वितळवून घ्यावा’ हे मी चालवून घेईन. पुरणपोळीच्या कटासाठी किंवा पन्ह्यासाठी मात्र ‘विरघळवावा’ असेच लिहावे.

हाताने फिरवण्याच्या आइस्क्रीमच्या पॉटात तर दोन्ही क्रिया एकमेकींना ओढत नेतात. बर्फावर खडे मीठ पसरले की ते बर्फाच्या पृष्ठावरील पातळ ओलाव्यात विरघळते. खाऱ्या पाण्याचा गोठणांक खाली जातो, म्हणून आणखी बर्फ वितळतो. आणि वितळणाऱ्या प्रत्येक ग्रॅम बर्फाला सुमारे ३३४ जूल अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता) लागत असल्याने तो आतल्या दुधातून आणि बर्फ-मिठाच्या मिश्रणातूनच काढून घेतला जातो. मिठाचे प्रमाण योग्य असेल तर बर्फ-मिठाचे हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. पाककृती लिहिणाऱ्यांनी येथे ‘मीठ विरघळेल आणि बर्फ वितळेल’ असे, क्रियापदांची अदलाबदल न करता, लिहावे.