मदत हवी आहे: 20 च्या वेगमर्यादेला पाठिंबा कसा कळवायचा?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्यांसाठी प्रश्न आहे. आमच्या गल्लीतली वेगमर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 करायचा कौन्सिलचा विचार आहे. दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये नोटीस बांधलीय, हरकतींसाठी 21 दिवस. शेजारचे बरेच जण विरोधात लिहितायत. मला मात्र मनापासून हे व्हायला हवंय. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. माझी सहा वर्षांची लेक दोन बंपरांमधून डोकं बाहेर काढते, तेव्हा पोटात गोळा येतो. हायवे कोडप्रमाणे (इथल्या वाहतूक नियमांचं सरकारी पुस्तक) 30 ला गाडी थांबायला 23 मीटर लागतात, 20 ला फक्त 12.

वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून 20 आहे ना, तिथल्या कुणी सांगाल का, गल्लीत फरक जाणवतो? आणि पत्रात काय लिहावं? कुणाकडे मसुदा असेल तर प्लीज पाठवा, शुक्रवारी मुदत संपतेय.