क्लॅटची प्रतीक्षा यादी आणि पुढच्या परीक्षेची तयारी : सल्ला हवा

मनीषनगरची पालक
माझ्या मुलीने यंदा बारावीसोबत क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा दिली. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, नागपूर हा तिचा पहिला पसंतीक्रम होता. राज्य अधिवासाच्या जागांमध्ये तिचे नाव अजून लागलेले नाही, मात्र यादीतील शेवटच्या क्रमांकापासून ती फार मागेही नाही. मधल्या फेरीत तिला दूरच्या राज्यातील एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली आहे. ती पक्की करावी, नागपूरची वाट पाहावी, की वर्षभर ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षा द्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लॉ कॉलेज चौक
ताई, जागा मिळाल्यावर निवडायच्या फ्रीझ आणि फ्लोट या पर्यायांतील फरक आधी नीट लक्षात घ्या. फ्रीझ निवडले की मिळालेली जागा कायम होते आणि वरच्या पसंतीचा विचार तेथेच थांबतो. फ्लोट निवडून ठरलेले शुल्क मुदतीत भरले, तर हातची जागा राहते आणि पुढच्या फेरीत नागपूर लागल्यास आपोआप तिकडे बदल होतो. पण बदल झाल्यावर आधीच्या जागेवर हक्क सांगता येत नाही. नागपूरच हवे असेल तर फ्लोट, हे माझे स्पष्ट मत आहे. शुल्काची मुदत मात्र एका दिवसानेही चुकवू नका.

यादी सरकते ती वरच्या क्रमांकाची मुले अन्यत्र गेल्यामुळे. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमध्ये नाही, त्याची आयलेट ही परीक्षा वेगळी असते. काही जण सिंबायोसिस या खासगी विद्यापीठाकडे वळतात. सामाईक फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा विद्यापीठे स्वतःच्या सूचनेने भरतात, म्हणून क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्टियमच्या (विधी विद्यापीठांच्या संघाच्या) संकेतस्थळाइतकेच विद्यापीठाचे संकेतस्थळही पाहत राहावे. प्रवेश कार्यालयाला रोज फोन केल्याने यादी सरकत नाही. त्यापेक्षा अधिवास दाखला आणि लागू असल्यास जात व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांची मुदत आताच तपासा, कारण नाव लागल्यावर सेतू केंद्रात धावपळ करण्याइतका अवधी मिळेलच असे नाही. २०२५ च्या प्रवेशांच्या वेळी उत्तरतालिकेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सारे वेळापत्रक लांबले, हेही ध्यानात असू द्या.

धंतोलीतील शिक्षक
पुन्हा परीक्षा द्यायचीच असेल, तर आधी यंदाची प्रश्नपत्रिका घेऊन प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे कारण लिहावे : वेळ संपला, उतारा नीट वाचला गेला नाही, की माहितीच नव्हती. हे न करता सराव परीक्षांवर सराव परीक्षा देणारी मुले वर्षअखेरीस बहुधा त्याच गुणांवर राहतात. १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे असल्याने खरी कसोटी वाचनाच्या वेगाची आहे. विधी तर्क आणि चालू घडामोडी यांचे प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न असतात, गणिताचे जेमतेम १० ते १४. तरीही घाबरून गणितावरच महिने घालवणारी मुले मी दरवर्षी पाहतो. विधी तर्कात उताऱ्यात दिलेला नियम लावायचा असतो, आपल्याला ठाऊक असलेला कायदा नव्हे, आणि हुशार मुले नेमकी येथेच चुकतात. घरी हितवाद हे नागपूरचे इंग्रजी दैनिक येत असेल तर उत्तम, पण त्याच्या जोडीला एखाद्या राष्ट्रीय इंग्रजी दैनिकाचे संपादकीय पान रोज वाचून त्याचा मुद्दा दोन वाक्यांत लिहून काढावा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून अंदाजाने उत्तर देणे टाळावे.

त्रिमूर्तीनगर
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चार पर्यायांतून ४० प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने १० बरोबर येतील आणि ३० चुकांचे साडेसात गुण जातील. तरी अडीच गुण उरतातच. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर त्याच ४० प्रश्नांतून सरासरी १५ गुण मिळतात. नुकसान होते ते एकाच प्रश्नावर तीन मिनिटे घुटमळून नंतर अंदाज करण्याने.

धंतोलीतील शिक्षक
हिशेब बरोबर आहे. माझा रोख पर्याय न वाचताच गोल रंगवणाऱ्यांकडे होता. दोन पर्याय बाद झाले असतील तर उत्तर जरूर द्यावे.

मनीषनगरची पालक
मनःपूर्वक आभार. फ्लोट निवडण्याचे आम्ही ठरवले आहे. तिने विधी महाविद्यालयांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे विधी सीईटीही दिली आहे; तिचा काही उपयोग होईल का?

लॉ कॉलेज चौक
अवश्य होईल. सीईटीनंतरच्या कॅप फेरीची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीची नोंदणी सोडू नका, कारण नागपूर विद्यापीठाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयातील पाच वर्षांचा अभ्यासक्रम त्यातूनच मिळतो, शुल्क तुलनेने पुष्कळ कमी आहे आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ याच शहरात असल्याने कामकाज पाहण्याची संधीही आहे. वकिलीच्या सनदेसाठी दोन्ही पदव्या सारख्याच चालतात. केवळ नावासाठी वर्ष ड्रॉप करण्याच्या मी विरोधात आहे. या महाविद्यालयात प्रवेश घेऊनही पुढची क्लॅट देता येते, कारण या परीक्षेला वयाची कमाल अट नाही. मात्र महाविद्यालय सोडल्यास शुल्क किती परत मिळते, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या.